इटली बघायचीय, पण धावायचं नाहीये

ठाण्याच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. मे महिन्यात बारा दिवस इटलीला जायचं घाटतंय. सोबत पती, आठवीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे. सगळ्यांनी मिळून परदेशी जायची ही पहिलीच वेळ. पतींनी एक्सेलमध्ये बेत मांडलाय : मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, चिंक्वे तेर्रे, रोम, अमाल्फी. बारा दिवसांत सहा मुक्काम. मैत्रिणीला मात्र समुद्राकाठच्या एखाद्या गावात घर घेऊन निवांत राहायचंय. तिने दक्षिणेतल्या पुलियाचं नाव काढलं, तेव्हा ‘एवढे पैसे घालून एका गावात जाऊन बसायचं?’ असं उत्तर मिळालं. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या अंडंही खात नाहीत. नणंदेचं म्हणणं, आईबाबांना मराठी टूर कंपनीबरोबर पाठवा आणि तुम्ही तिघं सुटे जा. नियोजन सगळं मैत्रिणीच्या गळ्यात, आणि काही बिनसलं तर बोलणीही तिलाच. तिचे प्रश्न असे : अमाल्फी की पुलिया? आईबाबांना न्यावं का? आणि मला स्वतःला निवांतपणा हवासा वाटतो, हा स्वार्थ झाला का?

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे दोन त्यालाच चिकटलेले आहेत. नाही, हा स्वार्थ नाही. पत्रात गुडघ्यांचा, जेवणाचा, मुलीच्या कंटाळ्याचा, पतींच्या हौसेचा, सगळ्यांचा हिशेब तुम्ही मांडलाय. स्वतःसाठी मागितलंय ते एवढंच की रोज सकाळी बॅगा भरायला लागू नयेत. त्यात सगळ्यांचंच भलं आहे.

पण एक गोष्ट मला खटकली. पतींचं म्हणणं पत्रात आहे, नणंदेचं आहे, तुमचं तर आहेच. सासूबाई-सासऱ्यांचं एकही वाक्य नाही. त्यांना काय झेपेल आणि काय नाही, हे सगळे मिळून ठरवताय आणि ते दोघं बहुधा शेजारच्या खोलीत टीव्ही बघताहेत. ‘आई, इटलीला याल का?’ असं विचारू नका. त्याला ‘तुम्ही जा गं, आमचं काय आता’ हेच उत्तर मिळणार, आणि त्यावरून काहीच कळणार नाही. नेमकं विचारा. मधे न बसता किती वेळ चालता येतं? जिना चढताना जास्त दुखतं की उतरताना? दुपारी आडवं व्हावंच लागतं का? आम्ही दिवसभर कुठे गेलो तर परक्या गावात दोघंच घरी राहाल का? आणि मुख्य म्हणजे, तुम्हाला बघायचंय काय? या उत्तरांवर तुमचा अर्धा बेत आपोआप ठरेल.

नणंदेची सूचनाही लगेच मोडीत काढू नका. बरोबर मराठी मंडळी, वेळेवर आपलं जेवण, बसमध्ये गाण्याच्या भेंड्या, पुढची काळजी वाहायला टूर मॅनेजर, यात अनेक ज्येष्ठांना खरंच मजा येते. मात्र अशा सहलीत पहाटे उठून बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि बसमधून उतरून चालावंही भरपूर लागतं. दुखऱ्या गुडघ्यांना ते सोपं नाही. सासूबाईंना समवयस्कांचा गोतावळा हवा असेल तर तो मार्ग चांगला आहे. नातीबरोबर समुद्राकाठी बसायचं असेल, तर तुमच्याबरोबरच यावं.

आता पतींबद्दल. त्यांना धावपळ आवडते असं मला वाटत नाही. पुन्हा कधी जाणं होणार, ही धास्ती त्या यादीमागे असावी, आणि आपल्यापैकी बहुतेकांना ती असतेच. म्हणून ‘तुमची यादी चुकीची आहे’ असं म्हणू नका. त्यांच्याच एक्सेलमध्ये एक रकाना वाढवा : मुक्काम हलवण्यात गेलेला वेळ. सकाळी दहा-अकराला घर सोडायचं, पाच जणांचं सामान स्टेशनवर न्यायचं, गाडी, पुन्हा टॅक्सी, आणि पुढच्या ठिकाणी खोली मिळणार दुपारी तीनला. दर वेळी अर्धा दिवस धरला तरी सहा मुक्कामांत पाच वेळा हलायचं म्हणजे अडीच दिवस प्लॅटफॉर्मवर गेले. मग त्यांना विचारा, या सहापैकी कुठली दोन सोडताना सगळ्यात जास्त वाईट वाटेल? ती दोन ठेवायचा प्रयत्न करू. माझा अंदाज, रोम त्यात असेलच.

अमाल्फीचा किनारा देखणा आहे, वादच नाही. पण ती गावं कड्यांना बिलगून उभी आहेत. पोझितानोत घरातून समुद्रापर्यंत जायचं म्हणजे पायऱ्या, आणि परत यायचं म्हणजे त्याच पायऱ्या चढून. किनाऱ्याचा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा, सीझनमध्ये बस खचाखच. ज्यांना गाडी लागते त्यांचे हाल होतात. चिंक्वे तेर्रे या किनाऱ्यावरच्या पाच गावांची तीच कथा. त्यातल्या कोर्निल्या गावात स्टेशनवरून वर जायला जवळपास 380 पायऱ्या आहेत. बस आहे, पण ती चुकली तर तुम्ही आणि त्या पायऱ्या. गुडघे धडधाकट असलेल्या जोडप्याला मी दोन्हीकडे आनंदाने पाठवीन. तुमच्या पाच जणांना नाही. पती अमाल्फीवर अडूनच बसले तर सालेर्नोत राहा. सपाट शहर आहे, समुद्राकाठी लांबच लांब फिरायची वाट आहे, रोमहून थेट वेगवान रेल्वे येते आणि बोटीने दिवसभरात अमाल्फी बघून परतता येतं. मात्र मग पुलिया सोडा. नकाशावर दोन्ही किनारे शेजारी वाटतात, पण मधे अपेनाइनचे डोंगर आहेत. इकडून तिकडे जाण्यात दिवसाचा मोठा भाग जातो.

पुलिया हा इटलीच्या बुटाच्या टाचेचा भाग. बराचसा सपाट, आणि तुमच्यासाठी तेच त्याचं सगळ्यात मोठं सौंदर्य. ‘तिथे आहे काय?’ असं कोणी विचारलं तर सांगा, 2024 च्या जूनमध्ये जी-7 परिषद इथेच, फासानोजवळ समुद्राकाठी भरली होती आणि आपले पंतप्रधानही तिथे गेले होते.

तुमच्या जागी मी असा बेत आखला असता. रोममध्ये दोन रात्री, म्हणजे पतींचं कलोसियम आणि व्हॅटिकन होईल. तिथून साधारण चार तासांच्या वेगवान रेल्वेने बारी, आणि बारीच्या पुढे अर्ध्या तासावर मोनोपोली. तिथे सहा रात्री. मग आणखी दक्षिणेला लेच्चे शहरात तीन. परतीचं विमान ब्रिंडिसीहून धरायचं. ते लेच्चेपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे पुन्हा रोमपर्यंत उलटं यावं लागत नाही. भारतातून ब्रिंडिसीला थेट विमान नाही. पण एकाच तिकिटावर जाताना रोम आणि येताना ब्रिंडिसी असं मिळतं, आणि अनेकदा ते फारसं महागही पडत नाही. मुक्काम सहाचे तीन झाले.

मोनोपोली मी मुद्दाम निवडलं. छोटं बंदर, निळ्या रंगाच्या लाकडी होड्या, तटबंदीच्या कडेने चालायला जागा, आणि तटाच्या खाली पोर्ता वेक्क्याचा इवलासा वाळूचा किनारा. सासऱ्यांना पेपर घेऊन बाकावर बसता येईल आणि मुलगी डोळ्यांसमोर पाण्यात खेळेल. तिथून रेल्वेने काही मिनिटांवर पोलिन्यानो आ मारे आहे. पुलियाच्या बहुतेक फोटोंत कड्यांच्या बेचक्यातला जो किनारा दिसतो, तो तिथला. तो छोटा आहे, गोट्यांचा आहे आणि दुपारी माणसांनी भरून जातो, म्हणून सकाळी लवकर जाऊन या. बारीलाही मोनोपोलीहूनच एक दिवस द्या.

बारीच्या जुन्या भागात आर्को बास्सो नावाची गल्ली आहे. तिथे बायका दारात लाकडी फळी घेऊन बसतात आणि ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता वळतात. रव्याच्या पिठाची बोटभर जाड वळी, तिचा सुरीने एवढासा तुकडा, सुरीच्या पात्याने फळीवर खसकन ओढला की त्याची वाटी होते, आणि अंगठ्यावर उलटी केली की झालं. हात थांबत नाही आणि बोलणंही थांबत नाही. मग जाळीच्या ट्रेवर ते दारातच उन्हात वाळत पडतं. ज्या सासूबाईंनी उन्हाळ्यात वाळवणाच्या दिवसांत गव्हले आणि नखुल्या केल्या असतील, त्यांना इथे कुठल्याही गाइडची गरज पडणार नाही. माझं ऐका, कलोसियमपेक्षा त्या या गल्लीत जास्त रमतील. तिथून जवळच संत निकोलसचं चर्च आहे. नाताळबाबाची कथा ज्यांच्यावरून आली तेच हे संत. 1087 मध्ये खलाशांनी त्यांच्या अस्थी आजच्या तुर्कस्तानातल्या मायराहून इथे आणल्या.

आता जेवण. इटलीत शाकाहाऱ्यांचे हाल होतात, ही भीती निदान पुलियापुरती बाजूला ठेवा. हे गरीब शेतकऱ्यांचं खाणं आहे आणि गरिबाच्या ताटात मांस क्वचितच असे. फावे ए चिकोर्या म्हणजे वाळवलेल्या बाकला शेंगांच्या दाण्यांचं मऊसूत शिजवलेलं वरण, बाजूला उकडलेली कडवट पालेभाजी, वरून ऑलिव्ह तेल आणि पाव. सासूबाईंना परकं वाटणार नाही. टोमॅटो-ऑलिव्ह घातलेला ‘फोकाच्या’ नावाचा पाव मुलीला आवडेल. लेच्चेत सकाळी बदामाच्या दुधातली थंड कॉफी घ्या. ओरेक्किएत्ते पारंपरिक पद्धतीने रवा आणि पाण्याचेच करतात, त्यात अंडं नसतं.

पण खाचाखोचा आहेत. हेच ओरेक्किएत्ते चीमे दि रापा या भाजीबरोबर मिळतात तेव्हा त्यात बहुधा अँकोवी मासळी वितळवलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ‘सेन्झा अच्चुगे’ हे शब्द पाठ करा, म्हणजे अँकोवीशिवाय. सोबत ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा’, मांस, मासे आणि अंड्याशिवाय. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही, कारण मासे चालतात असं कित्येकांना वाटतं. पार्मेझान आणि पेकोरिनो या चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं. सासूबाईंना हे आधीच सांगा आणि त्यांचं त्यांना ठरवू द्या. ताराल्ली नावाच्या खुसखुशीत कडबोळ्यांत बहुतेक वेळा वाइन असते, तेही सांगा. लपवून खायला घातलेलं नंतर कळलं तर पुढच्या दिवसांची चव जाते.

स्वयंपाकघर असलेलं घर घ्याच. तिथली हॉटेलं दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी साडेसात-आठशिवाय उघडत नाहीत. सात वाजता जेवणाऱ्या माणसाने काय करायचं? तांदूळ कुठेही मिळतो, मसूर तर तिथल्या आल्तामुराचाच प्रसिद्ध आहे. हिंग, गोडा मसाला, मेतकूट घरून न्या, खिचडी होते. तूप आणि पेढे मात्र नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आत नेता येत नाहीत, जप्त करतात. आणि रोजची खिचडी तुम्हीच करायची असं नाही. दुपारचं जेवण बाहेर, रात्रीचं घरी, आणि रात्रीचं एक दिवसाआड पती आणि मुलगी करतील, हे इथेच ठरवा.

घर बुक करताना जुन्या गावाच्या आत घेण्याचा मोह टाळा. फोटो छान असतात, पण गाडी दारापर्यंत येत नाही, फरसबंदीवरून बॅगा ओढाव्या लागतात आणि जिने अरुंद असतात. तटाच्या बाहेर, पाच-दहा मिनिटांवर, तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेलं घर बघा. मालकाला लेखी विचारा की रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती. ‘फक्त थोड्या’ या उत्तरावर विसंबू नका, आकडा मागा. न्हाणीघरात टब आहे की शॉवर, हेही विचारा. गुडघेदुखीत टबाची कड ओलांडणं हा रोजचा ताप होतो.

सगळ्यांनी सगळं बघायलाच हवं, हा हट्ट सोडलात तर ही सहल खूप सुकर होईल. मातेरा हे डोंगरात कोरलेल्या घरांचं गाव, पुलियाला लागून असलेल्या बासिलिकाता प्रांतात. 1950 च्या दशकात सरकारने अनारोग्याच्या कारणाने तिथली वस्ती हलवली. 1993 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. अप्रतिम आहे, आणि पायऱ्यांनी भरलेलं आहे. तिथे पती आणि मुलीला पाठवा. बापलेकीला असा एक दिवस मिळू दे. तुम्ही सासूबाईंबरोबर बाजारात जा, किंवा कुठेच जाऊ नका. उलट आल्बेरोबेल्लो सगळ्यांनी बघण्यासारखं आहे. चुना-मातीशिवाय नुसते दगड रचून केलेली, शंकूच्या छपरांची घरं. असं सांगतात की नेपल्सच्या राजाचा कर चुकवायला ती पटकन पाडता यावीत म्हणून सरंजामदाराने चुना वापरू दिला नाही. दुकानांनी भरलेल्या मोंती भागात चढ आहे. आया पिक्कोला हा भाग शांत, आणि तिथे अजून लोक राहतात. ज्येष्ठांना घेऊन आधी तिकडे वळा.

लेच्चेत सासऱ्यांचा नंबर लागेल. शहर सपाट, मधुरंगी मऊ दगडातलं कोरीवकाम बघत संध्याकाळी रमतगमत हिंडता येतं. एक दिवस ओत्रांतोला जा. तिथल्या कॅथीड्रलची अख्खी जमीन 1163 ते 1165 या काळात पांतालेओने नावाच्या भिक्षूने मोझाइकने मढवली. मधोमध एक प्रचंड वृक्ष, आणि तो वृक्ष दोन हत्तींच्या पाठीवर उभा. फांद्यांत सिकंदर आहे, राजा आर्थर आहे, बारा महिन्यांची कामं आहेत. सासऱ्यांना इतिहासात रस असेल तर त्यांना हेही सांगा की आठवी भारतीय डिव्हिजन 1943 च्या सप्टेंबरात पुलियातल्याच तारांतो बंदरात उतरली. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. त्याच पलटणीच्या नामदेव जाधवांना पुढे 1945 च्या एप्रिलमध्ये सेनियो नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपली पोरं या किनाऱ्यावरून चालत उत्तरेकडे गेली, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि मला ते मनापासून सांगावंसं वाटतं.

लेच्चेच्या आसपास प्रवास करताना मैलोन्‌मैल करड्या, वाळलेल्या ऑलिव्हच्या बागा दिसतील. मुलगी विचारेल. झायलेला नावाच्या जिवाणूने हे केलंय. 2013 मध्ये तो पुलियातल्याच गाल्लीपोली गावाच्या बाजूला सापडला आणि लाखो झाडं गेली. उत्तरेकडे ओस्तुनी-फासानोच्या पट्ट्यात शेकडो वर्षांची पिळदार खोडं अजून उभी आहेत. तिथे गाडी थांबवून एखाद्या झाडाला हात लावून या.

काळ थोडा पुढे सरकवा. मेच्या सुरुवातीला हवा सुखद असते, पण समुद्र गार. मेच्या शेवटच्या आठवड्यात निघून जूनच्या पहिल्या आठवड्यात परतलात तर पाणी थोडं उबदार, आणि मुलीची शाळाही बुडणार नाही. 2 जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन, त्याच्या आगेमागे गर्दी आणि भाडी दोन्ही वाढतात. ऑगस्टमध्ये मात्र कोणी फुकट नेलं तरी ज्येष्ठांना घेऊन जाऊ नका. ऊन कडक, आणि 15 तारखेच्या फेर्रागोस्तो या सुट्टीच्या सुमारास सगळी इटली समुद्रावर लोटते. ज्यांना शाळेचं बंधन नाही त्यांनी सप्टेंबर धरावा, तेव्हा समुद्र सगळ्यात छान असतो.

पुलियाचा किनारा बराचसा खडकाळ आहे, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट न्या. वाळू हवी असेल तर मोनोपोलीच्या दक्षिणेला कापितोलो आहे. तिथे ‘लिदो’मध्ये, म्हणजे खासगी किनाऱ्यावर, पैसे भरून छत्री, खुर्ची आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृह मिळतं. सासूबाईंसाठी तो खर्च करा. लेच्चेहून समुद्रावर जाताना स्थानिक लोक आधी वारा बघतात. उत्तरेचा त्रामोंताना सुटला की पश्चिमेचा आयोनियन किनारा शांत असतो, दक्षिणेचा शिरोक्को असेल तर पूर्वेचा एड्रियाटिक. घराच्या मालकाला सकाळी विचारलंत तर तो एका वाक्यात सांगेल.

गाडी मधल्या तीन-चार दिवसांपुरतीच भाड्याने घ्या. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागेल, ऑटोमॅटिक हवी असेल तर फार आधी सांगावं लागेल, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय व्हायला वेळ लागतो. जुन्या गावांच्या तोंडाशी ‘झेड-टी-एल’, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मज्जाव, असा फलक दिसला की आत शिरू नका. कॅमेरा असतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो. बारीपासून पुढे मुक्काम बदलताना मात्र रेल्वेऐवजी मोठी गाडी ठरवा. प्रादेशिक गाड्यांत चढायला उंच पायऱ्या असू शकतात आणि छोट्या स्टेशनांवर लिफ्टचा भरवसा नाही.

व्हिसाचं काम पतींकडे सोपवा, एक्सेलची आवड तिथे कामी येईल. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे इटलीसह युरोपातल्या अनेक देशांच्या सामाईक व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर मुंबईत अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं. त्यामुळे जानेवारीतच हलायला हवं. प्रौढांचं शुल्क 90 युरो. प्रवासविमा किमान 30,000 युरोचा लागतो. पण ज्येष्ठांसाठी स्वस्तातली पॉलिसी घेऊ नका. आधीपासूनच्या आजारांना, म्हणजे रक्तदाब, साखर, गुडघे यांना ती काय देते, ते बारीक अक्षरांत वाचा. घरं अशीच बुक करा की व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळतील.

आणि बोलणी फक्त तुम्हाला खावी लागतात, त्यावरही उपाय करा. तिकिटं काढण्याआधी एका रविवारी पाचही जण बसा. व्हिसा आणि गाड्या पतींकडे, औषधं आणि विम्याची कागदपत्रं सासऱ्यांकडे, रोज संध्याकाळी कुठे फिरायचं ते मुलीकडे, न्यायच्या मसाल्यांची यादी सासूबाईंकडे. घरं तुम्ही बघा, कारण त्याची तुम्हाला नजर आहे. त्या बैठकीत पहिलं बोलायला सासूबाईंना सांगा, आणि त्या बोलत असताना पतींनी लॅपटॉप मिटलेला असू दे.